पाच गळे आणि हिशेबाची वही



या वसंत व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला आमंत्रण दिले, तेव्हा आम्ही किमान वेतनावर किंवा कंत्राटी पद्धतीवर बोलू, अशी त्यांची अपेक्षा असावी. ते आमचे रोजचेच दळण आहे. पण या व्यासपीठाची रीत अशी की, इथे वकील ज्ञानेश्वरीवर बोलतो आणि डॉक्टर किल्ल्यांवर बोलतो. मग युनियनच्या माणसाने गाण्यावर बोलले तर फारसे बिघडू नये. आमचे शाळेतले शिक्षण बेताचे. पुढचे जे काही झाले ते युनियनच्या कचेरीतल्या कपाटाने आणि सार्वजनिक वाचनालयांनी केले. अमेरिकेतल्या मोटार-कामगारांच्या चळवळीविषयी वाचता वाचता डेट्रॉइट शहर आमच्या ओळखीचे झाले, आणि कारखान्यांचे भोंगे ऐकता ऐकता त्या शहराचे गाणेही कानांवर आले. आज त्या गाण्याविषयी, म्हणजे 'टेम्प्टेशन्स' नावाच्या पाच गायकांच्या संचाविषयी बोलावयाचे आहे.

आम्ही संगीतातले जाणकार नव्हे. कोणता सूर कोठे लागला हे सांगणे आमच्या आवाक्यातले नाही. पण पाच माणसे एकत्र येऊन काम करतात, त्या कामाचा पैसा होतो, आणि मग त्या पैशाचे काय होते, हा प्रश्न आमच्या धंद्यातला आहे. त्याच बाजूने आम्ही या कथेकडे पाहणार आहोत.

प्रथम या गाण्याची जात सांगितली पाहिजे. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय समाजाची दोन गाणी होती. एक रविवारी चर्चमध्ये देवाला आळवायचे, आणि दुसरे शनिवारी रात्री गुत्त्यात आणि नाचघरात म्हणायचे. विसाव्या शतकाच्या मध्याला या दोहोंचा संगम झाला. देवाला घालायचे साकडे तशाच आर्ततेने प्रेयसीला घालू लागले. या गाण्याला लोकांनी 'सोल' म्हणजे आत्मा असे नाव दिले. आपल्या लावणीत आणि अभंगात कधी कधी एकच चाल नांदते, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना यात नवल वाटणार नाही.

आता ही पाच माणसे कोण ते पाहू. पॉल विल्यम्स आणि एडी केंड्रिक्स हे दोघे दक्षिणेकडच्या अलाबामा राज्यातल्या बर्मिंगहॅम गावी वाढलेले. ओटिस विल्यम्स टेक्सासमधला. त्याचे आणि पॉलचे आडनाव एकच असले तरी नाते काही नव्हते. मेल्विन फ्रँकलिन अलाबामातलाच, माँटगोमेरीचा. पुढे येऊन मिळालेला डेव्हिड रफिन मिसिसिपीतला. म्हणजे पाचही जण कापसाच्या मुलखातले. गोऱ्यांचा जाच आणि पोटाची खळगी या दोन्हींपायी त्या मुलखातून लाखो कृष्णवर्णीय कुटुंबे उत्तरेकडच्या कारखान्यांत गेली. कोकणातला आणि घाटावरचा माणूस गिरणीसाठी मुंबईला गेला, तशीच ही वाट. डेट्रॉइटमध्ये मोटारींचे कारखाने होते, आणि तिथल्या कामगारांनी १९३६-३७ सालच्या फ्लिंटच्या बैठ्या संपानंतर आपली युनियन मालकांकडून मान्य करून घेतली होती. या कामगारांच्या वस्त्यांत पोरे कोपऱ्याकोपऱ्यावर उभी राहून चार-पाच आवाजांत गात. वाद्य विकत घ्यावयास पैसे नसले तरी गळा फुकट मिळतो.

अशा दोन मंडळ्या होत्या. एक 'प्राइम्स' आणि दुसरी 'डिस्टंट्स'. दोन्ही मोडल्या आणि उरलेल्यांनी मिळून एक संच केला. १९६१ साली त्यांनी मोटाऊन कंपनीशी करार केला आणि 'टेम्प्टेशन्स' हे नाव घेतले. त्याचा अर्थ 'मोह'. नाव किती सार्थ ठरले ते पुढे दिसेलच.

या कंपनीविषयी थोडे विस्ताराने सांगावे लागेल, कारण निम्मी कथा तिची आहे. बेरी गॉर्डी नावाचा एक कृष्णवर्णीय तरुण फोर्डच्या लिंकन-मर्क्युरी कारखान्यात लाइनवर काम करी. पुढून सांगाडा येतो, प्रत्येक जण त्यावर आपापले काम करतो, आणि शेवटच्या टोकाला चकचकीत मोटार बाहेर पडते. हा देखावा त्याने रोज पाहिला. बहुतेकांना त्यात फक्त कंटाळा दिसतो. याला त्यात एक युक्ती दिसली. घरच्या माणसांनी भिशीसारखा एक कुटुंबनिधी चालवला होता. त्यातून ८०० डॉलर कर्जाऊ घेऊन त्याने १९५९ साली वेस्ट ग्रँड बुलेवार्डवरच्या एका साध्या घरात रेकॉर्डचा धंदा उभा केला. तिथे गाणे लिहिणारे वेगळे, वाजवणारे वेगळे, गाणारे वेगळे. चॉली ॲटकिन्स पावले शिकवी. मॅक्सिन पॉवेल बाई उठण्याबसण्याचे, चारचौघांत वागण्याचे वळण लावीत. तयार झालेले गाणे बाजारात सोडावे की नाही, हे ठरवायला दर आठवड्याला तपासणीची बैठक भरे. कारखान्यात तपासनीस असतो तसाच. रस्त्यावरचा पोरगा एका दाराने आत यायचा आणि दुसऱ्या दाराने नामवंत होऊन बाहेर पडायचा, अशी त्या घराची ख्याती झाली.

टेम्प्टेशन्स मात्र या लाइनवर बराच काळ अडकून पडले. १९६१ ते १९६३ पर्यंत रेकॉर्डमागून रेकॉर्ड निघाली, पण देशाच्या मुख्य यादीतल्या पहिल्या शंभरात एकही चढली नाही. कंपनीतलीच माणसे त्यांना चेष्टेने 'बिनयशाचे टेम्प्टेशन्स' म्हणू लागली. मूळच्या पाचांपैकी अल ब्रायंट हा दूध टाकण्याची नोकरी करी. गाण्यापेक्षा त्याला ती नोकरीच बरी वाटे. भांडणे झाली, आणि १९६३ च्या अखेरीस त्याला काढले. त्याच्या जागी १९६४ च्या जानेवारीत डेव्हिड रफिन आला. त्याच वर्षी स्मोकी रॉबिन्सन याने बॉबी रॉजर्सबरोबर रचलेले 'द वे यू डू द थिंग्ज यू डू' हे गाणे अकराव्या क्रमांकापर्यंत गेले. वर्षअखेरीला 'माय गर्ल' निघाले, आणि १९६५ च्या मार्चमध्ये ते देशात पहिल्या क्रमांकावर जाऊन बसले.

या गाण्यात श्रमाची वाटणी कशी होती ती पाहण्यासारखी आहे. पुढे गातो तो डेव्हिड रफिन. त्याचा आवाज घोगरा, विनवणीचा. रडू आवरून धरलेल्या माणसाचा असतो तसा. खाली खर्जात मेल्विन फ्रँकलिन. त्याच्या आवाजावर सगळी इमारत उभी. वर अगदी तलम, झिरझिरीत आवाज एडी केंड्रिक्सचा. मध्ये पॉल विल्यम्सचा भरदार आवाज. या संचाचे नाच प्रथम बसवणारा हाच पॉल. पाचवा ओटिस विल्यम्स. हा एकट्याने फारसा गात नसे. पण गाडीची वेळ, पोशाखांचे पैसे, कोण रुसला, कोण उशिरा आला, हे सगळे तो पाही. आमच्या भाषेत सांगायचे तर तो सेक्रेटरी होता. प्रत्येक संघटनेत असा एक जण असतो. त्याचे भाषण कुणाच्या लक्षात राहात नाही, पण तो नसला तर सभा भरत नाही.

आणि या पाचांच्या मागे आणखी माणसे होती. 'माय गर्ल'च्या आरंभी गिटारची जी चढती ओळ वाजते, ती रॉबर्ट व्हाइट याने वाजवली. तिच्याखालचा ठेका जेम्स जेमरसनचा. ही वादक मंडळी आपल्याला 'फंक ब्रदर्स' म्हणवीत. रेकॉर्डच्या वेष्टनावर त्यांची नावे कितीतरी वर्षे छापलीच गेली नाहीत. पुढे लॉस एंजलिसच्या एका उपाहारगृहात ते गाणे लागले, तेव्हा 'हे मी वाजवले आहे' असे वाढप्याला सांगावे म्हणून रॉबर्ट व्हाइटने तोंड उघडले, आणि पुन्हा मिटले. सांगूनही याला खरे वाटणार नाही, हे त्याच्या मनात आले. ही हकीगत २००२ साली निघालेल्या एका माहितीपटात आहे. ज्याच्या हाताने काम झाले त्यालाच ते आपले म्हणण्याचा संकोच वाटावा, ही गोष्ट आम्हांला कारखान्याच्या फाटकावर नेहमी भेटते.

यशाची कहाणी इथे थोडी पुढे नेऊ. १९६४ नंतरची चार-पाच वर्षे या पाचांची होती. एकसारखे कोट, एकसारखी पावले, चार तोंडांचा एकच माइक. दक्षिणेतल्या सभागृहांत तेव्हा गोरे एका अंगाला आणि काळे दुसऱ्या अंगाला बसत. कुठे कुठे तर दोघांच्या मध्ये चक्क दोर बांधलेला असे. पण गाणे दोन्ही अंगांना एकच ऐकू येई आणि पावले दोन्हीकडची हलत. पुढे दोर गेले. ते गाण्याने गेले असे म्हणणार नाही. ते मोर्च्यांनी गेले, तुरुंगवासाने गेले, कायद्याने गेले. पण ज्यांच्याबरोबर एकाच गाण्यावर ठेका धरला त्यांना दोरापलीकडे ठेवणे जरा अवघड होते, एवढे श्रेय गाण्याला द्यावे.

आता हिशेबाकडे येऊ.

मोटाऊन कंपनी रेकॉर्ड काढी. गाण्यांच्या हक्कांची प्रकाशन-कंपनी तिचीच. आणि कलावंतांचे कार्यक्रम ठरवणारी, त्यांच्या पैशांची व्यवस्था पाहणारी संस्थाही तिचीच. म्हणजे मजुराचा मालक, त्याचा मुकादम आणि त्याचा मुनीम हे तिघेही एकाच घरचे. रेकॉर्डिंगला लागणारा खर्च गायकांच्या नावे टाकला जाई, आणि तो फिटल्यावर रॉयल्टी सुरू होई. आपल्याकडच्या ऊसतोडणी कामगाराला हे समजावून सांगावे लागणार नाही. उचल आधी, कोयता नंतर, आणि हंगामाच्या शेवटी फिटले की राहिले ते मुकादमाच्या वहीत. वही खोटीच असते असे आम्ही म्हणत नाही. ती दुसऱ्याच्या हातात असते, एवढीच आमची तक्रार.

टेम्प्टेशन्समध्ये ही तक्रार मोठ्याने बोलून दाखवली डेव्हिड रफिनने. १९६७ च्या सुमारास त्याने आमचे उत्पन्न किती, खर्च किती, याचा हिशेब द्या, अशी मागणी लावून धरली. कंपनीने थोडे नमते घेऊन बाहेरचे हिशेबनीस नेमू दिले, पण कारभार आपल्याच हाती ठेवला. मागणी रास्त होती. पण ती मागणारा माणूस कसा होता? तो इतरांपासून निराळा, स्वतःच्या थाटाच्या मोटारीतून हिंडू लागला होता. तालमींना, कार्यक्रमांना येईनासा झाला होता. कोकेनचे व्यसन लागले होते. त्याच कंपनीतल्या 'सुप्रीम्स' या मुलींच्या संचाला १९६७ साली 'डायाना रॉस आणि सुप्रीम्स' असे नाव मिळाले होते. तसे आपलेही नाव पुढे लागावे, अशी त्याची दुसरी मागणी होती. म्हणजे एका हातात सगळ्यांच्या हिताचा कागद आणि दुसऱ्या हातात स्वतःच्या नावाची पाटी. १९६८ च्या जूनमध्ये क्लीव्हलंडच्या एका कार्यक्रमाला तो गेलाच नाही, तेव्हा उरलेल्या चौघांनी त्याला संचातून काढून टाकले.

बंधुभगिनींनो, युनियनच्या कामात आम्ही ज्या प्रसंगाला सर्वांत भितो तो हा. खरी तक्रार घेऊन नेहमी सज्जन माणूसच उभा राहील असे नाही. पुष्कळदा ती घेऊन येतो तो भांडखोर, दारू पिणारा, कामावर उशिरा येणारा. व्यवस्थापन त्याच्या हजेरीचा कागद दाखवते आणि सभासदही म्हणतात, 'जाऊ द्या, तो तसलाच आहे.' त्याच्या पाठोपाठ त्याची तक्रारही फाटकाबाहेर जाते. रफिनला काढले हे चौघांचे चुकले असे आम्हांला म्हणवत नाही. जो कामावर येत नाही त्याच्यासाठी चौघांनी किती दिवस झळ सोसावी? पण त्याला काढताना त्याच्या हातातला पहिला कागद काढून घ्यावयास हवा होता आणि तो चौघांनी मिळून पुढे चालवावयास हवा होता. तो पुढच्या दोन-तीन वर्षांत एकमताने कोणी चालवला नाही. रफिनने त्या वर्षीच्या ऑक्टोबरात कंपनीवर एकट्याने दावा लावला. कंपनीने उलट दावा केला, तडजोड झाली, आणि करार संपेपर्यंत त्याला तिथेच राहावे लागले. मधल्या काळात तो टेम्प्टेशन्सच्या कार्यक्रमांना अवचित येई, रंगमंचावर चढे आणि आपल्या जागी आलेल्या डेनिस एडवर्ड्सच्या हातून माइक घेऊन आपले गाणे गाऊ लागे. श्रोते टाळ्यांचा कडकडाट करीत. ती टाळी त्या माणसाच्या काही उपयोगाची नव्हती.

त्याच शहरात त्याच सुमारास काय चालले होते, तेही लक्षात घ्यावे. १९६७ च्या जुलैत डेट्रॉइटमध्ये मोठा उठाव होऊन ४३ माणसे मेली. १९६८ च्या मे महिन्यात डॉजच्या कारखान्यात लाइनचा वेग वाढवल्यावरून उत्स्फूर्त संप झाला आणि त्यातून कृष्णवर्णीय कामगारांनी आपली वेगळी क्रांतिकारी संघटना काढली. मोटाऊनमध्येही हॉलंड, डोझियर, हॉलंड या तीन गीतकारांनी पैशाच्या वादातून काम थंड केले, आणि तिघे मिळून बाहेर पडले. त्यांचे खटले पुढे वर्षानुवर्षे चालले. पण तिघे एकत्र होते म्हणून कोर्टात निदान बरोबरीने उभे राहिले. एकट्या रफिनला ती बरोबरी साधली नाही.

रफिन गेल्यावर नॉर्मन व्हिटफील्ड या दिग्दर्शकाने संचाचे गाणेच पालटून टाकले. 'क्लाउड नाइन' या गाण्याने मोटाऊनला पहिले ग्रॅमी पारितोषिक मिळवून दिले. 'बॉल ऑफ कन्फ्यूजन'मध्ये युद्ध, कर, वर्णद्वेष, सगळे जग आले. यश वाढत होते. आणि त्याच वेळी पॉल विल्यम्स खचत होता.

पॉलला सिकल सेल नावाचा रक्ताचा जन्मजात आजार होता. आपल्या विदर्भात आणि खानदेशात, विशेषतः आदिवासी बांधवांत तो आढळतो, म्हणून तो काय छळतो ते इथल्या काहींना माहीत असेल. त्यात दारू जडली. तो उभा राहू शकेना. मग एक तोड काढण्यात आली. रिचर्ड स्ट्रीट नावाचा गायक बरोबर नेला जाई आणि तो पडद्याआड उभा राहून पॉलच्या ओळी गाई. पॉल पुढे उजेडात पावले टाकी आणि ओठ हलवी. गिरणीत बदली कामगार असतो. कायम कामगार आला नाही तर त्याच्या जागी लागतो. इथे कायम कामगारही हजर आणि बदलीही हजर, आणि दोघांचे मिळून एक माणसाचे काम. १९७१ साली पॉलने काम सोडले. नाच बसवणारा आणि सल्लागार म्हणून संचाने त्याला पगारावर ठेवले, हे त्यांच्या बाजूने नोंदवले पाहिजे. १७ ऑगस्ट १९७३ रोजी, कंपनीच्या त्या पहिल्या घरापासून जवळच, तो मोटारीत गोळी लागून मेलेला सापडला. सरकारी निर्णय आत्महत्येचा झाला. वय ३४.

आता या कथेतला आमच्या मते सर्वांत महत्त्वाचा प्रसंग. तो कोणत्याही रेकॉर्डवर नाही. रफिन गेल्यानंतर एडी केंड्रिक्सने आपल्या सहकाऱ्यांपुढे एक प्रस्ताव मांडला : आपण संप करू. कंपनी आपले हिशेब बाहेरच्या हिशेबनिसांकडून तपासून घ्यावयास तयार होईपर्यंत कार्यक्रम नाही आणि रेकॉर्डिंग नाही. ओटिस आणि मेल्विन यांनी विरोध केला. पॉल आजारी. एडवर्ड्स नवा आलेला. प्रस्ताव तिथेच पडला.

ओटिसला भित्रा म्हणावे काय? आमचे तसे मत नाही. त्याच्या ठिकाणी बसून विचार करावा. गाणी कंपनीची, वाजवणारे कंपनीचे, करार कंपनीशी बांधलेला. आपण बसून राहिलो तर तेच गाणे उद्या दुसरा संच गाईल, कारण लाइन कुणासाठी थांबत नाही. शिवाय आणखी एक अडचण होती. ही कंपनी आपल्या माणसाची होती. गोऱ्यांच्या कंपन्यांनी कृष्णवर्णीय गायकांना एका मोटारीवर किंवा चार नोटांवर वाटेला लावले होते, आणि त्या बाजारात गॉर्डीने त्यांना शिकवले, घडवले, मानाच्या जागी नेऊन बसवले. बेरी गॉर्डीला खलनायक ठरवणे सोपे आहे, पण ते न्यायाचे नाही. परक्या मालकाविरुद्ध मूठ लवकर वळते. ज्याने आपल्याला दारिद्र्यातून वर काढले, ज्याचा फोटो आपल्या समाजाने घरात लावला, त्याच्याकडे 'वही दाखवा' म्हणून जाताना जीभ अडखळते. आपल्या सहकारी संस्थांत, आपल्या जातभाईंच्या कारखान्यांत ही अडखळ आम्ही पुष्कळ पाहिली आहे. उपकार आणि हिशेब या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे समजायला वेळ लागतो.

तरीही आमचे मत एडीच्या बाजूने पडते, आणि त्यात दोष काढायचा तर तो वेळेचा. संपाचा मुहूर्त मालाच्या मागणीवरून काढावा लागतो. १९६५ साली 'माय गर्ल' देशभर वाजत होते, पाचही जण धडधाकट होते, पॉल उभा होता, रफिन वेळेवर येत होता. त्या दिवशी पाचांनी मिळून एकच प्रश्न विचारला असता तर पाचांची लाइन चालू ठेवायला कंपनीला दुसरे पाच मिळणे कठीण होते. पण त्या दिवशी विचारावेसे वाटत नाही. पाऊस पडत असताना विहीर खणण्याची बुद्धी कुणाला होते? एडीने विचारले तेव्हा विहीर आटत आली होती.

प्रस्ताव पडल्यावर एडीने वाट वेगळी केली. १९७१ साली 'जस्ट माय इमॅजिनेशन' हे त्याच्या गळ्यातले गाणे पहिल्या क्रमांकावर गेले, आणि त्याच सुमारास त्याने संच सोडला. पुढच्या वर्षी 'पापा वॉज अ रोलिन स्टोन' पहिल्या क्रमांकावर गेले, आणि त्या एका गाण्याला तीन ग्रॅमी मिळाल्या. त्याच वर्षी कंपनीने डेट्रॉइटमधला बाडबिस्तरा लॉस एंजलिसला हलवला. फंक ब्रदर्सपैकी बहुतेक मागे राहिले. गिरणीची जागा एकीकडे आणि कामगार दुसरीकडे, हे दृश्य आपल्याला नवे नाही. १९८८ साली गॉर्डीने रेकॉर्ड कंपनी ६ कोटी १० लाख डॉलरला विकली.

आणि माणसे? १९८२ साली रफिन आणि केंड्रिक्स काही काळ परत आले, सात जणांनी मिळून दौरा केला. रफिन पुन्हा कार्यक्रम चुकवू लागला आणि तेही मोडले. १९८९ साली रॉक अँड रोलच्या सन्मान-मंदिरात संचाचे नाव दाखल झाले, तेव्हा ते दोघे हयात होते. १ जून १९९१ रोजी रफिन फिलाडेल्फियात कोकेनच्या अतिसेवनाने वारला, वय ५०. पुढच्याच वर्षी एडी केंड्रिक्स बर्मिंगहॅममध्ये फुप्फुसाच्या कर्करोगाने गेला. मेल्विन फ्रँकलिन सांधेदुखी सोशीत शेवटपर्यंत गात राहिला आणि १९९५ साली गेला. उरला तो ओटिस, सेक्रेटरी. माणसे येत गेली, जात गेली. वीसाहून अधिक जणांनी ते कोट अंगावर चढवले, आणि साठ वर्षांनंतरही त्या नावाचा संच गात राहिला.

आता निवाडा कसा करावा? संघटना टिकली, हा विजय नव्हे काय? आम्ही ज्या कामात आयुष्य घातले त्या कामाचा पहिला धडाच असा की, माणूस जातो, संघटना राहिली पाहिजे. त्या नात्याने ओटिस विल्यम्सला आमचा रामराम. बोर्डावरचे नाव त्याने पुसू दिले नाही. आपल्याकडचे तमाशाचे फड मालकाबरोबर उभे राहतात आणि त्याच्यामागे बहुधा मोडतात. हा फड मोडला नाही. पण एक गोष्ट विसरू नये. ही कथा आपल्याला कळते ती पुष्कळशी ओटिसच्याच तोंडून, त्याने १९८८ साली लिहिलेल्या आठवणींतून आणि त्यांवरून २०१९ साली ब्रॉडवेवर आलेल्या नाटकातून. जो शेवटी उरतो त्याच्या हाती इतिवृत्ताची वही असते. रफिनने, पॉलने आपली बाजू तशी लिहून ठेवली नाही. सेक्रेटरीने लिहिलेले इतिवृत्त आम्ही स्वतः कितीतरी लिहिले आहे. त्यात गैरहजर माणसाचे म्हणणे दीड ओळीत आटोपते, हे आम्हांला ठाऊक आहे.

म्हणून आमचे म्हणणे एवढेच. संघटना टिकली की नाही, हे पाटीवरून पाहू नये. तीन ठिकाणी जाऊन पाहावे. आजारी पडलेल्या सभासदाच्या घरी जाऊन पाहावे. त्याला पडद्याआडच्या बदलीच्या जिवावर उभे केले आहे, की विश्रांतीला पाठवले आहे? काढून टाकलेल्या माणसाची तक्रार शोधून पाहावी. ती त्याच्याबरोबर गेली, की राहिलेल्यांनी उचलून धरली? आणि वही पाहावी. ती कुणाच्या हातात आहे, आणि ज्यांच्या घामाची ती आहे त्यांना ती वाचता येते की नाही? टेम्प्टेशन्सनी पहिल्या परीक्षेत निम्मे गुण मिळवले, दुसऱ्या आणि तिसऱ्या परीक्षेत ते कमी पडले. त्यांना नावे ठेवण्यासाठी हे सांगत नाही. आपल्या किती युनियनांना याहून अधिक गुण मिळतील, ते इथे बसलेल्या पदाधिकाऱ्यांनी मनाशीच मोजावे.

एक विनंती आहे. 'माय गर्ल' हे गाणे हल्ली कुणालाही सहज ऐकता येते. घरी गेल्यावर एकदा ऐकावे. प्रथम आपले लक्ष पुढे गाणाऱ्याकडे जाईल, जाऊ द्यावे. दुसऱ्यांदा ऐकताना मागच्या चौघांकडे कान द्यावा. तो मध्ये थबकतो, तिथे ते त्याला सावरून घेतात, त्याचा शब्द उचलून पुढे नेतात. त्याला एकटे पडू देत नाहीत. गाण्यात त्यांना हे येत होते. कारखान्यात, कचेरीत, सोसायटीत ते आपल्याला आले पाहिजे, आणि ते दिवस बरे चालले आहेत तोवरच आले पाहिजे.